फुलांनी प्यायलेलं तेल

मुद्रितशोधकाने आयुष्यभर इतरांच्या चुका शोधून पोट भरलं. निवृत्तीनंतर स्वतः एखादी करून बघायला तो मोकळा झाला.

निमित्त बायकोच्या हातांचं. ती प्रसूती विभागातली परिचारिका. धुऊन धुऊन तिचे हात लाल झाले, भेगाळले, आणि मेट्रनने तिला कागदकामाच्या टेबलाशी बसवलं. "पुढच्या तपासणीला हात बरे दिसले तर आत या. नाहीतर निवृत्तीपर्यंत इथेच शिक्के मारा." निम्म्या गावाला जगात आणणाऱ्या बाईने शिक्के मारायचे! ती घरी येऊन रडली नाही, हे बघून नवरा घाबरला. आणि घाबरला की तो वाचनालय गाठायचा.

तिथून त्याने साबण करण्यावरची जाडजूड पुस्तकं आणली आणि आठवडाभर त्यांतून डोकं वर काढलं नाही.

"जावईबापू, साबण करणार आहात की साबणाची परीक्षा देणार आहात?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी नीट समजून घ्यायला हवं ना," तो पुटपुटला.

"मी चार पोरं वाढवली. काहीएक समजून घेतलं नव्हतं."

शेवटी त्याने ऑलिव्ह तेल तोललं. खात्री वाटेना म्हणून पुन्हा तोललं, मग आणखी एकदा. वजनाची चिठ्ठी बरणीला डकवली, तेलात कातडीला निववणारी कॅमोमाइलची सुकी फुलं सोडली आणि बरणी उन्हाच्या खिडकीत ठेवली. फुलांचा गुण तेलात उतरायला महिना पुरतो, असं पुस्तक म्हणत होतं. याला जास्त लागला, कारण पुढची पायरी कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याची होती.

बरणीतलं तेल मात्र खाली खाली जाऊ लागलं. दुसरा कुणी असता तर त्याने घरातल्या माणसांना विचारलं असतं. याने पुस्तकाला विचारलं. फुलं थोडं तेल शोषतात, असं उत्तर मिळालं. फुलं अगदीच अट्टल पिणारी निघाली, याचं त्याला नवल वाटलं. पण फुलांवर संशय घेण्याइतका तो धीट नव्हता.

अखेर एक दिवस रेनकोट, चष्मा आणि रबरी हातमोजे चढवून त्याने सोडा कालवला. सोडा किती घ्यायचा, ते चिठ्ठीवरच्या वजनावरून ठरवलं. स्वतःवर काडीचा भरवसा नसलेला माणूस निदान स्वतःच्या अक्षरावर तरी ठेवतो. ओट्सचं पीठ घातलं, वड्या पाडल्या, कपाटावर मुरत ठेवल्या.

तपासणीच्या सकाळी त्याने वड्या खाली काढल्या. कुणाला देण्याआधी जिभेचं टोक लावून बघा, असं पुस्तकाने बजावलं होतं. त्याने लावलं. इंगळी डसावी तशी जीभ भाजली. किती चुळा भरल्या तरी तोंडातून शब्द फुटेना. तसाच तो चहाला येऊन बसला. घरात कुणालाही काही वेगळं जाणवलं नाही.

सुती हातमोजे घातलेली बायको समोर आली. गेले दोन महिने ती घरात ते काढतच नव्हती. "अहो, द्या तुमचा साबण. त्यानेच हात धुऊन जाते."

त्याने वड्या छातीशी धरल्या आणि जोरात मान हलवली.

"म्हणजे कळलं तर!" ती मटकन खुर्चीत बसली. "असे गप्प राहू नका हो. बोला, ओरडा. रोज थोडंसंच घेत होते बरणीतलं. हातांना चोळायचं आणि वर मोजे. तुमचा साबण व्हायची वाट बघत बसले असते, तर मेट्रनच निवृत्त झाली असती."

तिने मोजे उतरवले. भेगा मिटल्या होत्या. बोटं मऊ दिसत होती.

त्याने हातांकडे बघितलं, मग वड्यांकडे. तेल कमी आणि सोडा मात्र पुरता. जास्तीचा सोडा वडीत तसाच दबा धरून बसला होता. हे हात एका धुण्यात सोलून निघाले असते.

"हात लावू नकोथ!" तो कसाबसा म्हणाला. "म्हणजे, मी थाबण केलाच नथता तरी—"

"तरी बरे झाले असते," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून घाईने म्हणाली, "पण तेलात फुलं कुणी घातली असती?"

ती उघड्या हातांनीच गेली आणि खूप उशिरा परतली. "बाळ पायाळू होतं," चपला काढता काढता तिने सांगितलं. "दमवलं हो पोरीने. पण काय रडली!"

वड्या तोवर सासूबाईंच्या ताब्यात गेल्या होत्या. रबरी हातमोजे घालून त्यांनी मोरी घासून काढली होती. "डाग म्हणून ठेवला नाही, जावईबापू! आणखी करा."

त्याने खिडकीत नवी बरणी मांडली, फुलं सोडली आणि तेल जरा जास्तच ओतलं. फुलांचं काही सांगता येत नाही.