तांदळातलं जाळं

"खोकला आला का ट्रेपासून बाजूले होत जा न, बाई," शेजारच्या ट्रेवर काम करणारी दीपा म्हणाली. "सारे उडून जातीन."

सत्यशीला बाजूला झाली, जीव जाईस्तोवर खोकली आणि पुन्हा ट्रेवर वाकली. लोहाऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत तांदळात होणारे पतंग ज्वारीच्या भरड्यावर पाळत. त्यांच्या अंड्यांवर मित्रकीटक वाढत आणि पुढे ते कपाशीतल्या बोंडअळीचा समाचार घेत. भरड्यातून निघालेले पतंग काचेच्या नळीत धरायचे, हे सत्यशीलेचं काम. पतंग तो केवढा, नखाएवढा. मातकट राखाडी रंग. दिवसा पंख मिटून बसला की ज्वारीचं फोलपटच वाटावा. खाणं नाही, पिणं नाही, आठवडाभरात खेळ आटोपला. अशा गरीब जिवाला कोण भिणार? पण फडफडला की त्याच्या पंखांवरची भुकटी उडायची. तीच तुमच्या छातीत बसली आहे, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

स्वतःच्या छातीचं तिला फारसं काही वाटत नसे. भीती नातवाची होती. आठ महिन्यांच्या संघदीपची छाती परवापासून शिट्टीसारखी वाजत होती.

म्हणून निघताना तिने नळावर हातपाय खसाखसा धुतले, साडी बदलली, केस झटकले. घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. सून उर्वशी पोराला घेऊन दारातच उभी. सत्यशीलेने हात पुढे केले आणि तशीच थांबली. आतल्या पाळण्याच्या कापडावर एक फोलपट पडलं होतं. तिने आत जाऊन फुंकर घातली. फोलपट उडालं आणि भिंतीवर जाऊन बसलं.

फोलपट नव्हतं, पतंग होता.

"रेशनच्या तांदळातला असन, आई," उर्वशी म्हणाली. "त्याले काहून भेता? साऱ्यायच्याच घरी असते."

ते खरंच होतं. सत्यशीलेने लगबगीने डबा ओढला, तांदूळ परातीत ओतला आणि बोटं फिरवू लागली. हा पतंग तांदळातला असेल, तर आत अळीने दाण्यांना दाणे चिकटवून जाळं केलेलं असणार; नाहीतर तो तिच्याच अंगावरून घरात आला होता. तेवढी एक गुठळी हाताला लागली असती, तर तिने सगळा तांदूळ हसत कोंबड्यांना टाकला असता. जन्मभर तांदळातली कीड निवडून फेकली. आज ती निघावी म्हणून दाणा न् दाणा चाळत होती.

"काय शोधून राह्यल्या?"

"जाळं."

"नाही न त्यात. मी कालच ऊन दाखवलं, पाखडून ठेवला."

तांदूळ पांढराशुभ्र होता. ओंजळीओंजळीने तो परत डब्यात भरून सत्यशीला बाहेर अंगणात जाऊन बसली.

"घ्या न त्याले, आई. केव्हाचा रडून राह्यला तुमच्यासाठी."

"तुह्याजवळच राहू दे त्याले. मी इथंच बरी."

उर्वशीने त्याला खाली ठेवलं. संघदीप रांगत उंबऱ्यापर्यंत आला आणि आजीकडे हात करून हसला. त्याची छाती वाजत होती. सत्यशीलेने पदर तोंडावर घट्ट धरला आणि बसल्या जागेवरून आणखी थोडी मागे सरकली.