करंजाच्या दक्षिणेला

बोरिंगची गाडी सुलतानपूरच्या बाजूने धूळ उडवत आली तेव्हा अख्खं गाव वेशीवर उभं होतं. त्र्याहत्तरचा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवलेली. नाल्यात वाळू, विहिरींत गाळ, आणि गुरं तर लोकांनी केव्हाच सोडून दिलेली. गाडी एक आणि वाट पाहणारी गावं पुष्कळ. म्हणून गावाला एकच भोक. पाणी लागलं तर लागलं, नाही तर गाडी पुढच्या गावाला.

गाडीबरोबर मोहरील नावाचा तरुण भूवैज्ञानिक होता. त्याने आठवडाभर आधी येऊन नाल्याच्या वळणावर चुन्याची फुली मारून ठेवली होती. पण सरपंच उकंडराव फुलीकडे गेलेच नाहीत. ते चिंतामण गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, तुमी सांगा. मशीन कुठी लावाचं?"

चिंतामण गुरुजी मूळचे खामगावचे, भिक्षुकाच्या घरातले. गावच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवत. वडिलांमागे त्यांच्याकडे एक संस्कृत पोथी आली होती. कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या अंगाला, किती खोल पाणी सापडतं, ते तिच्यात श्लोकाश्लोकाने सांगितलेलं. तिच्या आधारावर गुरुजींनी उकंडरावांना विहिरीची जागा दाखवली आणि पाणी लागलं. तेव्हापासून मेहकरहून व्याख्यानाची बोलावणी येऊ लागली. "आज जे यंत्राला कळतं, ते आपल्या ऋषींना नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं," असं ते म्हणाले की टाळ्या पडत. त्या टाळ्या गुरुजींना आवडत.

त्यांनी गावाबाहेरच्या करंजाकडे बोट केलं. झाडाला लागून छातीएवढं वारूळ होतं.

"करंजाच्या दक्षिणेला. तिथे गोडं पाणी आहे."

"गुरुजी, तिथे खाली सलग काळा पाषाण आहे," मोहरील म्हणाला. "नाल्याकडे निदान खडक फुटलेला तरी आहे."

"हे ज्ञान हजार वर्षांचं आहे, साहेब. तुमचं खातं कालचं."

लोक हसले. मोहरीलने आणखी एकदा सांगून पाहिलं, पण गाव एका बाजूला आणि तो एकटा. उकंडरावांनी गावाच्या वतीने जबाबदारी घेतली आणि गाडी करंजाखाली गेली.

बायांनी यंत्राला हळदकुंकू लावलं. यंत्र धडधडू लागलं, भोकातून राखाडी भुकटी उसळली. "ओल लागली का काळी पडते," म्हणत माणसं भुकटी मुठीत घेऊन पाहत होती. ती काळी पडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र दोनशे फुटांवर कोरडंच थांबलं, तोवर करंजाची पानं, वारूळ आणि माणसांचे चेहरे एकाच रंगाचे झाले होते.

नळ्या वर निघत असताना मोहरील गुरुजींजवळ येऊन बसला.

"पोथीत खोटं लिहिलंय का हो?" गुरुजींनी विचारलं.

"खोटं कशाला असेल? लिहिणाऱ्याने त्याच्या मुलखात पाहिलं असेल. तिकडची जमीन वेगळी असेल. आपल्या खाली दगड आहे."

"आणि तुमच्या फुलीवर? लागलं असतं?"

"नक्की नाही सांगता येत. माझ्याही फुल्या चुकतात. चुकली की मी ती नकाशावर मांडून ठेवतो. पुढच्या गावात कामी येते."

गुरुजींच्याही जागा चुकल्या होत्या. टेकाडावरची कोरडी गेली तेव्हा ते म्हणाले होते, वारूळ नवं होतं. मसणवटीजवळची गेली तेव्हा म्हणाले, जागा विटाळलेली होती. त्यांनी एकही चूक कुठे मांडून ठेवली नव्हती. आणि उकंडरावांची विहीर तर नाल्याच्या काठावर होती. तिथे वारूळ नसतं तरी पाणी लागलंच असतं.

गाडी अंधार पडायच्या आत निघून गेली.

गुरुजींना वाटलं, आता लोक शिव्या देतील. घरावर दगड येतील म्हणून त्यांनी बायकोला, शरयूला, माहेरी जायला सांगितलं. पण दगड आले नाहीत. उकंडराव आले, ओट्यावर टेकले.

"मनाले लावून घेऊ नका, गुरुजी. वारूळ नवं असन. नाईतर जागा विटाळली असन."

"उकंडराव, चूक माझी आहे. पोथी इथे लागू पडत नाही."

"असं कसं? पोथी काऊन खोटी पडन? आमचंच काईतरी चुकलं."

गुरुजींनी पारावर सांगितलं, शाळेत सांगितलं. लोक मान हलवत आणि त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करत.

मग गावातल्या मनकर्णाबाईची सून कलाबाई गेली. जुन्या विहिरीच्या तळाला वाटीवाटीने पाणी भरत होती, वरून दरड सुटली. विहीर अर्धी बुजली आणि तेवढं पाणीही गेलं. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर निघून गेलं. शाळेत पोरं उरली नाहीत.

कलाबाईचे दिवस झाल्यावर मनकर्णाबाई गुरुजींच्या दारात आली. ती रडली नाही. तिच्यामागे उरलेली माणसं कुदळी, फावडी घेऊन उभी होती.

"गुरुजी, दुसरी जागा सांगा. आमी हातानं खंदतो."

"मनकर्णाबाई, मला जागा कळत नाही. कधीच कळत नव्हती. माझं ऐकलं नसतं तर कलाबाई…"

"असं बोलू नका," तिने त्यांना मध्येच तोडलं. "पोथी बी खोटी म्हनसान तं आमी कोनाच्या भरवशानं राहावं?"

लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आपणच पोथीतलं ऐकलेलं आठवून टेकाडाखालच्या एका वारुळापाशी गेले आणि खणू लागले. गुरुजी मागोमाग गेले. थांबवायला गेले होते, पण कुणी थांबेना, तेव्हा त्यांनीही घमेलं उचललं.

दुपारी कुदळ दगडाला लागली. खड्ड्यात उतरलेल्या मनकर्णाबाईने मूठभर माती वर धरली.

"पाहा बरं, गुरुजी. थंडी लागून राह्यली ना?"

गुरुजींनी माती तळहातावर घेतली. चुलीतल्या राखेसारखी कोरडी आणि ऊन होती. सगळे हात थांबवून त्यांच्याकडे पाहत होते.

"हो," गुरुजी म्हणाले. "थंड आहे."

कुदळी पुन्हा चालू झाल्या.