पंचावन्न इंची

आमच्या गावात मुलीचं सामान सासरी निघालं की लोक सामानाकडे नाही, टीव्हीच्या खोक्याकडे बघतात. बत्तीस इंची असला तर बाप पहारेकरी, त्रेचाळीस असला तर मास्तर, पंचावन्न असला तर कुवेतहून परतलेला. उघड्या गाड्यांवरून सगळं आपणच मिरवायचं आणि लोकांनी मापं काढली की आपणच कुढायचं! मला या रीतीचा मनस्वी तिटकारा आहे, पण सामान वाहायला गाडी माझीच लागते.

माझे दाजी अब्दुल मौजूद कालव्याच्या दारांवर पहारेकरी. लेकीच्या साखरपुड्यात चारचौघांसमोर बोलून बसले, "शुरूकला पंचावन्न इंची देईन." वर्षभरात आमच्या देशाचा पौंड असा कोसळला, की साठवलेल्या पैशांत बत्तीस इंचीच आला. ताई म्हणाली, खरं सांगून टाका. दाजी ऐकेनात.

"शेहाता, दुकानातून मोठं रिकामं खोकं आण," ते मला म्हणाले. "गल्लीतून जाईपर्यंत पोरीची मान वर राहू दे."

"आणि मग?"

"मग घरातली गोष्ट घरात. गल्लीत कळलं तर जन्मभर टोमणे तिलाच खावे लागतील रे."

मी चिडलो, पण आणलं. बत्तीस इंची टीव्ही जुन्या गोधडीत गुंडाळून आम्ही त्यात ठेवला. शुरूकला यातलं काही माहीत नव्हतं. गाडी निघताना ती दारातून मैत्रिणींना ते खोकं दाखवत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

सासरच्या दारात ढोल वाजत होता, अख्खी गल्ली जमलेली. नवरदेवाचा धाकटा भाऊ गाडीवर चढला, "आधी टीव्ही!" म्हणाला, आणि खोकं त्याने एकट्यानेच उचलून खांद्यावर टाकलं. मग तो गोंधळून थांबला.

"अरेच्चा! हे तर..."

दाजी पांढरेफटक पडले. एका बाईने शेजारणीला कोपर मारलं.

तेवढ्यात नवरदेवाची आई, हज करून आलेली हाज्जा इन्शिराह, बायकांतून वाट काढत पुढे आली. अंगाने जाड, गुडघ्यांनी अधू. तिने खोक्याकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं.

"ठेव खाली, गाढवा!" ती लेकावर कडाडली. "पंचावन्न इंची आहे तो! मोठा पैलवान लागून गेलास? काच फुटली म्हणजे? तू तिकडून धर, मी इकडून धरते."

"अगं आई, पण हा..."

"तोंड बंद कर आणि पाय उचल!"

आणि ती बाई 'या रब, या रब' करत, दर पायरीवर टेकत, धापा टाकत, ते हलकं खोकं तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. खाली बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या.

दाजी गाडीच्या चाकाशी खाली बसले आणि हमसून हमसून रडले. लोकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून.