शेवटच्या रांगेतली बाई

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्या घरात शनिवारी सकाळी सगळं जागच्या जागी होतं, फक्त उल्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुसलेला ओटा ती पुन्हा पुसत होती. मुलीचं, इशिताचं, लग्न तोंडावर आलेलं. होणारी सासू, अनीशची आई सुलेखा, जवळच्या ॲन आर्बरहून आली होती आणि मनोहरकाका विधी ठरवायला बसले होते. काका आठवडाभर मोटारींचे ब्रेक डिझाइन करत आणि शनिवार-रविवार लग्नं लावत.

"कन्यादानात मुलीच्या तीन पिढ्यांची नावं घेतो आपण," काका म्हणाले. "अनिल, तुझं झालं, वडिलांचं झालं. आता आजोबांचं सांग."

"गोविंद," उल्काचा नवरा अनिल भिंतीकडे बघत म्हणाला.

"बाबा, देअर वॉज नो गोविंद," इशिता म्हणाली.

उल्काच्या हातातलं फडकं थांबलं. "इशू, नॉट नाऊ. प्लीज!"

गोविंद खरोखरच नव्हता. होती ती अनिलची आजी द्वारकाबाई, शंभर वर्षांपूर्वी नाटक कंपनीत सीतेचं काम करणारी नटी. तिचा वनवास बघून प्रेक्षक ढसाढसा रडत आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक तिला भाड्यानं खोली देत नसत. काय म्हणावं या अब्रूला! तिच्या मुलाला बापानं नाव दिलं नाही. तिनं एकटीनं, तोंडाला रंग लावून, त्याला शिकवलं. चांगलं स्थळ आलं तेव्हा नातेवाइकांनी बापाच्या जागी एक गोविंद उभा केला. मुलाच्या लग्नात द्वारकाबाई शेवटच्या रांगेत बसली, शेजारीण म्हणून. अक्षता टाकल्या आणि न जेवताच परत गेली. मुलगा गप्प राहिला. म्हातारपणी त्यानं हे नातीला, इशिताला, सांगितलं आणि लहान मुलासारखा रडला.

इशितानं ते सगळं सुलेखासमोर सांगून टाकलं.

सुलेखानं कप खाली ठेवला. "अगं, पण इंडियाहून सगळे येणारेत. लोक विचारतील. एका नावाचा तर प्रश्न आहे, ॲडजस्ट कर ना."

"काकू, तिने लाइफभर ॲडजस्टच केलं. तिचं नाव नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही. अनीशला सांगितलंय मी."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, नाव नीट म्हणायला शिकव मला."

मनोहरकाका चुळबुळले. "पण तिथे बाईचं नाव घेत नाहीत गं."

अनिल मघापासून खिडकी ते सोफा येरझारा घालत होता. तो थांबला. "घ्या, काका. द्वारका. माझी आजी आहे ती." हे शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारले होते. उल्कानं हातातलं फडकंच डोळ्यांना लावलं.

"घरी बोलून कळवते," म्हणत सुलेखा उठली. पुढचे दिवस उल्काला झोप कसली ती नव्हती, फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. पण लग्न लागलं. सुलेखाकडची काही माणसं रुसून आली नाहीत, ती स्वतः मात्र आली. काकांनी माइकवरून द्वारकाबाईचं नाव घेतलं आणि सगळ्या हॉलनं ते ऐकलं.

वाचकहो, घरातले लग्नाचे जुने फोटो एकदा काढा. शेवटच्या रांगेत बसलेली ती बाई कोण, विचारा तरी.