चढवलेली दोरी

टाउनोने डाव्या हाताने खाचेतला आखूड बाण काढून भात्यात खोचला, घोडा ओढून बाण सोडायचा क्रॉसबो मांडीवर आडवा घेतला आणि मचाणावरून शिडीकडे पाय टाकणार, तेवढ्यात खाली वाळल्या पाल्यात पावलं वाजली. पाठोपाठ खोकला आला. हरीण काही असं खोकत येत नाही. त्याने पाय वर घेतला आणि फळीवर अंग चोरून बसला.

"टाउनो," खालून ओन्नीचा आवाज आला. "सूप होत आलंय. उतर आता."

दिवेलागणीपर्यंत जो कॅम्पवर परतला नाही त्याला आणायला स्वयंपाक्याने जायचं, ही तिथली जुनी रीत. आणि मचाणावरच्या माणसाकडे खालून मान वर करून बघायचं नाही, हीही रीत. त्याच्या टप्प्यात एखादं हरीण असलं तर ते बुजायला नको. ओन्नी रीत पाळणारा माणूस होता. तो झाडाकडे पाठ करून उभा होता.

टाउनो म्हणाला, तू हो पुढे, मी येतोच मागून. ओन्नी म्हणाला, शिडी ओली आहे, मी धरतो. आणि तो सरळ बुंध्याजवळ आडव्या पडलेल्या खोडावर बसला, खिशातून कॉफीचा थर्मास काढला आणि टोपण उघडायच्या खटपटीला लागला. त्या खटपटीला वेळ लागणार होता. गेली दोन वर्षं ओन्नीचे हात कंपवाताने थरथरत होते.

टाउनोच्या मांडीवर जे होतं ते त्या रानात यायलाच नको होतं. सरकारने क्रॉसबोला धनुष्याच्या मोसमात केव्हाच परवानगी दिली होती; पण हे रान शिकारी क्लबचं, म्हणून नियम क्लबचा. आणि तो नियम कायम राहिला होता तो टाउनोमुळे. वसंतात सभा भरली तेव्हा ओन्नीनेच विषय काढला होता. मला आता धनुष्य ओढवत नाही, तो म्हणाला होता, पण क्रॉसबो टेकवून धरता येईल. दोरी मागे ओढून चढवणं माझ्या हातांना जमणार नाही, ते रोज सकाळी टाउनो करून देईल. त्यावर सगळे हसले होते आणि टाउनोकडे बघत होते.

टाउनो उभा राहिला आणि जे बोलला ते लोक अजून सांगत. धनुष्य ओढायला माणसाला हलावं लागतं, तेवढ्यात हरणाला पळायची संधी मिळते. ही बंदूकच आहे, दोरी बांधलेली. आणि धनुष्य ओढल्यावर मन बदललं तर दोरी हळूच सैल सोडता येते. ह्या यंत्राची दोरी एकदा चढवली की बाण सोडल्याशिवाय सुटका नाही. ज्यात माणसाला मागे फिरता येत नाही, ती शिकार कसली? मग हात वर करायला सांगितले, तेव्हा टाउनोचा उजवा हात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच गेला. ओन्नी हरला. तो हसला, म्हणाला, मग निदान डाव तरी माझ्या हातात राहू द्या, आणि त्या दिवसापासून कॅम्पचं स्वयंपाकघर त्याने घेतलं.

ऑगस्टमध्ये टाउनो साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरला आणि उजवा खांदा कामातून गेला. त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही. धनुष्य छातीपर्यंतसुद्धा येईना. जावयाने चरखीवाला क्रॉसबो आणून दिला, हूक दोरीत बसवायचे आणि चरखी फिरवायची, डाव्या हाताने जमतं. टाउनोने त्याला फाडफाड बोलून घेतलं आणि यंत्र ठेवून घेतलं. शिकारीचा एखादा ऑक्टोबर त्या रानाबाहेर काढायचा, ही कल्पनाच त्याला सोसवेना. मग तो ते ताडपत्रीत गुंडाळून आणू लागला, सगळ्यांच्या आधी निघू लागला आणि दूरचं मचाण पदरात पडलं की खूश होऊ लागला.

आता मात्र तो पुरता अडकला होता; बाण काढला तरी दोरी चढलेलीच होती. बाण न लावता दोरी सोडावी, तर यंत्राचे तुकडे तोंडावर येणार. बाण लावून सोडावी, तर फळी फुटल्यासारखा आवाज होणार, आणि ओन्नी काही बहिरा नव्हता. यंत्र इथेच फांदीला टांगून उतरावं, तर उद्याच्या मचाणांच्या चिठ्ठ्या जेवणाआधीच निघायच्या. सकाळी कुणीही इथे चढेल आणि ताणलेल्या दोरीला हात लावेल. टाउनोने तिन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिल्या. खाली ओन्नी शांतपणे कॉफी सांडत होता.

"काही दिसलं का आज?" ओन्नीने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. दिसलं असतं तर तू मारलं असतंस, आणि कॅम्पवर सिल्वियाने ते सोलताना तो आखूड बाण बाहेर काढला असता."

टाउनोच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"कोट तू खालच्या खुंटीला लावायला लागलास, तेव्हाच खांदा गेल्याचं मला कळलं," ओन्नी पाठमोराच बोलत राहिला. "बाकीचं काल कळलं. तुझ्या ट्रकच्या मागे लाकडं ठेवायला गेलो होतो. चल, खाली सोड ते. सूप करपलं तर तुझ्यामुळे करपेल."

ओन्नीने चार शिव्या घातल्या असत्या तर टाउनोला सोपं गेलं असतं. हे असलं समजून घेणं त्याला झेपेना. त्याने क्रॉसबो दोराला बांधला, तोंड झाडाकडे करून हळूहळू खाली सोडला आणि मागोमाग एकेक पायरी शोधत उतरला. ओन्नीने खरंच शिडी धरली होती. शिडीही त्याच्या हातांबरोबर थरथरत होती.

"आता ही सोडायला लागेल ना?" ओन्नीने विचारलं.

"लागेल."

"मला सोडू दे. एकदाच."

टाउनोने त्याच्याकडे पाहिलं. मग कोट काढून घडी केली, खोडावर ठेवली, त्यावर क्रॉसबो टेकवला आणि बाण लावून दिला. ओन्नी गुडघ्यांवर बसला. लाकडावर टेकल्यावर यंत्र स्थिर झालं आणि यंत्रावर टेकलेले हातही. समोर एक कुजका बर्च होता. सालीवर काळी गाठ दिसत होती. ओन्नीने एवढा वेळ नेम धरला की टाउनोलाच श्वास सोडावा लागला. मग फळी फुटल्यासारखा आवाज झाला. बाण गाठीच्या अंगठाभर खाली रुतला.

ओन्नी उठलाच नाही. तो तिथेच बसून हसत होता, डोळे पुसत होता, आणि म्हणत होता की गाठीलाच धरला होता रे, तुझ्या कोटाचं बटण आडवं आलं. टाउनोला ते बघवेना. अख्ख्या मोसमात हा माणूस असा हसलेला त्याला आठवत नव्हता.

ते यंत्र ट्रकमध्ये ठेवून मग जेवायला जायचं असं ठरलं होतं. पण दलदलीपलीकडे कॅम्प, आणि आवाज पाण्यावरून जातो. वाटेतच सिल्विया राउटिओ टॉर्च घेऊन समोर आली. बापाच्या जागी आता तीच क्लबचा कारभार बघायची. तिचा उजेड आधी ओन्नीच्या तोंडावर पडला आणि मग त्याच्या हातातल्या क्रॉसबोवर.

"कुणाचा हा?"

"माझा," ओन्नी म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की टाउनोचं तोंड उघडं राहिलं. नंतर ते मिटलं. कॅम्पपर्यंतच्या वाटेवर त्याला बोलायला पुष्कळ वेळ होता, आणि तो बोलला नाही.

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले होते. सिल्वियाने क्रॉसबो पावाच्या शेजारी ठेवला. कुणी हात लावला नाही. ती म्हणाली, असलं यंत्र आणणाऱ्याने क्लब सोडायचा, हा नियम आहे. ओन्नीला तो सांगायला माझी जीभ रेटत नाही. नियम टाउनोने राखला, आता टाउनोनेच सांगावं. सगळ्यांनी टाउनोकडे पाहिलं, वसंतात पाहिलं होतं तसंच.

"आधी सूप वाढतो," ओन्नी म्हणाला आणि पातेल्याकडे वळला. डाव पातेल्याच्या काठावर खडखडायला लागला. त्याने दुसऱ्या हाताने तो धरला, तरी खडखड थांबेना. वाटाण्याचं सूप शेगडीवर सांडून जळका वास सुटला. टाउनो खाली बघत होता.

सिल्विया त्या डावाकडे बघत राहिली.

"ओन्नी," ती सावकाश म्हणाली, "तुला तर दोरी चढवता येत नाही. सभेत तूच म्हणाला होतास."

ओन्नी पाठमोरा वाढतच राहिला.

"मग चढवून कुणी दिली?" तिने टेबलावरून नजर फिरवली. "ज्याने दिली असेल त्याने हात वर करावा."

"कुणी नाही," ओन्नी भिंतीकडे बघून म्हणाला. "बसा जेवायला."

टाउनो उभा राहिला. सवयीने त्याचा उजवा हातच वर निघाला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना. टाउनोने दात आवळले, पण त्याने तो खाली घेतला नाही, डावा हातही वर केला नाही. सगळ्यांना तो खांदा नीट दिसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.