क्रमांक सतराची शिफारस

पेटीवाले कुणावर चिडत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. पन्नास वर्षं गाणाऱ्यांच्या डाव्या हाताला बसून काढलेल्या माणसाला चिडणं परवडतच नाही. गाणारा उशिरा आला, साथीदाराने गप्प बसायचं. गाणारा चुकला, साथीदाराने सावरून घ्यायचं, आणि वर ‘आज पेटी जरा पुढे पुढे करत होती’ हेही हसून ऐकायचं. असा हा माणूस सोमवारी सकाळी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पेटी स्वतः उचलून, नाश्ता न करता, जिन्यावर भेटलेल्या दोघांना ओळखही न देता घराबाहेर पडला, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं होतं हे उघड होतं.

कारण आदल्या दिवशी घडलं होतं. ते बहिणीकडे गेले. दार भाचीने उघडलं आणि नेहमीसारखं ‘मामा, उशीर केलास’ म्हणालीच नाही. नुसतं गळ्याकडे बोट दाखवून आत गेली. बहिणीने स्वयंपाकघरात डोळे पुसत सगळं सांगितलं. पोरीच्या स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी गाठी आल्या होत्या. सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठी बसल्या तर ठीक, नाही तर शस्त्रक्रिया. त्यानंतर बोलता येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही, असं घशाचे डॉक्टर म्हणाले होते. पोरगी बावीस वर्षांची. चार वर्षांची असल्यापासून तिने गाण्याखेरीज दुसरं काही मनापासून केलेलं नव्हतं.

तिच्या टेबलावर एक पुस्तिका पडली होती. ‘ऐकावीत अशी शंभर ध्वनिमुद्रणं’, श्रोतृमंडळाने काढलेली, चौथी आवृत्ती. ही पुस्तिका म्हणजे संगीतशाळेत पूर्वदिशा. शेवटच्या परीक्षेला तिच्यातलं एक ध्वनिमुद्रण निवडून त्याबरहुकूम गाऊन दाखवायचं, असा नियमच होता. भाचीने क्रमांक सतरा निवडला होता. गायला थोरल्या बाई, आणि पेटीवर मामा. मामा आहे म्हणूनच निवडला होता.

पेटीवाल्यांनी पान उघडलं. ‘साठीच्या उंबरठ्यावर सोळा वर्षांचा गळा! तान नव्हे, वीज! विद्यार्थ्यांनी ही उंची आणि हा वेग आदर्श मानावा.’ आदर्श मानावा म्हणे. पोरीने आठ महिने, रोज तीन तास, कानाला हेडफोन लावून तो आदर्श मानला होता, आणि आता ती पाणी हवं असेल तर पेला वाजवत होती.

थोरल्या बाईंचा गळा सोळा वर्षांचा कधीच नव्हता. सोळाव्या वर्षीसुद्धा नसावा. बाईंचा आवाज खालचा, भरदार. तान अशी घ्यायच्या की एकेक दाणा निवडून पुढ्यात ठेवतायत. घाईघाईने गाणाऱ्याला त्या विचारायच्या, तुझी गाडी चुकतेय का रे? त्या मुद्रणाच्या संध्याकाळी बाई गायला बसायच्या आधीच वीज गेली. मुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी यंत्र बॅटरीवर चालवलं. बॅटरी अर्धमेली, फीत रेंगाळत फिरली. पुढे तीच फीत धडधाकट यंत्रावर लावून डिस्क काढली, तेव्हा गाणं धावत सुटलं आणि धावता धावता वरही चढलं. बाईंनी ते ऐकलंच नाही, महिन्याभरात त्या गेल्या. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. तानपुरा काय, पिळावा तसा पिळला जातो, कुठल्याही सुराला लागतो. त्यामुळे त्या डिस्कबरोबर गाणाऱ्या एकाही पोराला संशय आला नाही.

श्रोतृमंडळाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांची तोंडं उघडी ठेवून एकटेच बोलत आल्यामुळे असेल, पण आपल्या मताला उत्तर असू शकतं हे त्यांच्या गावी नव्हतं. सोमवारी सकाळी पेटीवाल्यांनी त्यांच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून पेटी ठेवली आणि डिस्क लावायला सांगितली. बाईंचा पहिला षड्ज लागला.

“ही पांढरी चार,” पेटीवाल्यांनी पट्टी दाबली. “बाईंचा सूर. जन्मभर दुसऱ्या पट्टीत गायल्या नाहीत. लागतोय?”

लागत नव्हता. डिस्कमधल्या बाई कितीतरी वर होत्या. पेटीवाल्यांनी तिच्या वरची काळी तीन दाबली, ती खाली पडली. पांढरी पाच दाबली, ती वर गेली. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी तो नामांकित आवाज अडकला होता.

“त्या दिवशी हीच पेटी वाजली होती. हिचे सूर मी आजवर हलू दिलेले नाहीत. तुमचा आदर्श माझ्या पेटीत नाही, डॉक्टर. कुठल्याच माणसाच्या गळ्यात नाही.”

डॉक्टर आधी हसले. जुन्या पेट्यांचं असं व्हायचंच, म्हणाले. मग म्हणाले, रसिकांना आवडतंय, हे काय कमी आहे? मग चौथी आवृत्ती नुकतीच छापून झाल्याचं सांगितलं आणि कपाटातले गठ्ठे दाखवले. पेटीवाल्यांचा हात पट्टीवरून निघेना. पेटी केकाटत राहिली आणि त्या आवाजावर त्यांनी भाचीचं सगळं सांगितलं. हे मात्र डॉक्टरांना लागलं. माणूस अगदीच दगड नव्हता.

“शुद्धिपत्रक काढता येईल,” ते म्हणाले. “पण माझ्या शब्दावर नाही. तबलजी गेले, मुद्रणवाले गेले, त्या खोलीतले तुम्ही एकटे उरलात.” मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “पण डिस्कची पहिली प्रत तर तुमच्याच हातात दिली होती. तुम्ही ऐकली नव्हती?”

“ऐकली होती.”

“मग?”

पेटीवाल्यांनी भाता बंद केला. डॉक्टरच शेवटी सांभाळून घेत म्हणाले, “तेव्हा लक्षात आलं नाही, असं लिहून द्या. मी पुढच्या आठवड्यात छापतो. सगळ्यांचीच अब्रू राहील.”

पेटी घेऊन ते बहिणीच्या घराकडे चालत निघाले. बसमध्ये बसायचा धीर होईना. चार चौकांपर्यंत त्यांनी डॉक्टरांना मनातल्या मनात सोलून काढलं. तोंड उघडा म्हणायची सवय, कान कधी उघडले नाहीत! लोकांचे दात उपटावेत, गळे कशाला? वीज म्हणे! यांच्या विजेपायी पोरगी मुकी बसली. पाचव्या चौकात दिवा लाल होता. तिथे उभं राहिल्यावर शिव्या संपल्या.

क्रमांक सतराच्या मजकुरात शेवटी आणखी एक वाक्य होतं, आणि ते पेटीवाल्यांना पाठ होतं. ‘पेटीवर बोटं नव्हेत, पारा.’ डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा चार सुरांत त्यांना कळलं होतं. ज्याला पेटीचा एक सूर केसाएवढा उतरला तरी झोप येत नाही, त्याला कळणार नाही तर कुणाला? उठून ते डिस्क बंद करणार होते, तेवढ्यात त्यांची स्वतःची बोटं ऐकू आली. तसली बोटं त्यांना उभ्या जन्मात लाभली नव्हती. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग पुन्हा लावली. पुढे पुस्तिका निघाली, आणि ज्यांनी कधी विचारलं नव्हतं ते मोठे गवई ‘पाऱ्याची बोटं’ म्हणून बोलावू लागले. बैठकीत तो वेग कधी आला नाही, पण तो आल्याचं लोकांना ऐकू येत राहिलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण आज सकाळी तावातावाने तक्रार घेऊन गेलं होतं.

तरीही भाचीच्या टेबलाशी बसून त्यांनी जे लिहिलं, ते डॉक्टरांनी सुचवलेलंच लिहिलं. यंत्र, बॅटरी, फीत, पांढरी चार, सगळं खरं. शेवटी, ‘ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही, याचा खेद वाटतो.’ कागद त्यांनी भाचीपुढे सरकवला. तिला वाटेल, मामा आपल्यासाठी भांडून आला. निदान तेवढं तरी.

भाचीने वाचलं. तिचे डोळे भरून आले. आपला गळा वाईट नव्हता, आपण कमी पडलो नव्हतो, हे तिला आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. मग तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, ‘मामा, सुरुवात केली तेव्हा मी तुला फोन करून बाईंची पट्टी विचारली होती.’

विचारली होती. आणि ते म्हणाले होते, पट्टीचं काय घेऊन बसलीस, डिस्कबरोबर गा.

बहीण दारात येऊन उभी राहिली. भावाने पोरीची बाजू घेतल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. चहा टाकू का, असं तिने विचारलं.

“तेव्हा माहीत होतं मला,” पेटीवाले म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”

भाचीने मान फिरवली नाही. पेन तेवढं त्यांच्यासमोर ठेवलं आणि ती बघत राहिली. पेटीवाल्यांनी शेवटच्या ओळीतले ‘लक्षात आली नाही’ हे शब्द खोडले, वर ‘लक्षात आली होती’ असं लिहिलं, आणि त्याखाली सही केली.