केल्बीचा पाहुणा

जर्सी खांद्यांच्या पॅडवर अडकली होती. केल्बीने ती मागून धरून खाली ओढली, तेव्हा कुठे आयझायाचं डोकं बाहेर आलं. छातीवर चौसष्ट. केल्बीचाच नंबर.

"घट्ट होतेय," आयझाया म्हणाला.

"पोट आत घे. मीही तेच करतो."

भिंतीपाशी उभी असलेली आयझायाची आई, लूपे, हसली. फोटोग्राफरने दिवे नीट केले. कॉलेज बघायला आलेल्या प्रत्येक खेळाडूचा संघाच्या जर्सीत असा फोटो काढायचे.

युटाहून आलेला हा सतरा वर्षांचा पोरगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात सेंटर खेळायचा, म्हणजे फळीच्या मधोमध उभं राहून चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्याला अडवायचा. केल्बीही सेंटरच. आयोवातल्या या विद्यापीठात तीन वर्षं तो दुसऱ्या क्रमांकावर बसून होता. पहिला असलेला ब्रँट आता पदवी घेऊन जाणार होता आणि जागा आपलीच, असं केल्बी धरून चालला होता. मग शुक्रवारी हचिन्स कोचनी त्याला बोलावलं.

"शनिवार-रविवार पाहुणा तुझ्याकडे. जेवायला ने, वसतिगृह दाखव. त्याला इथेच यावंसं वाटलं पाहिजे."

विश्वास आहे म्हणून आपल्याला निवडलं, की आता आपला दुसरा काही उपयोग उरला नाही म्हणून, हे केल्बीला कळेना. विचारायचा धीरही झाला नाही.

रविवारी नाश्त्याला कोच फोन घ्यायला बाहेर गेले, तशी लूपेने काटा खाली ठेवला.

"खरं सांग, बाळा. माझ्या मुलाच्या पुढे किती जण आहेत?"

"एकच."

"कोण?"

"मी."

आयझाया ताटलीत बघू लागला.

"आणि हा आला तर?"

केल्बीने आयझायाच्या सामन्यांचे व्हिडिओ तीनदा पाहिले होते. "ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होईपर्यंत माझ्या पुढे जाईल. त्याचे पाय माझ्यापेक्षा हलके आहेत. केवढाही दणका बसू दे, मागे सरत नाही."

"मग तुझं काय?"

"दुसरं कॉलेज बघ म्हणतील बहुतेक."

"असं सांगितलंय कोणी?"

"अजून नाही."

"आणि तरी आमच्या सरबराईला तुलाच लावलं."

लूपेने आपल्या ताटलीतले बेकनचे दोन्ही तुकडे उचलून त्याच्या ताटलीत ठेवले.

"खा," ती म्हणाली.

बुधवारी कोचनी त्याला पुन्हा बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"आयझाया येत नाही. घराजवळच्या कॉलेजला हो म्हणाला."

"का?"

"आई म्हणते, पोरं चांगली आहेत तुमची. पण तीन वर्षांनी माझ्या मुलालाही असंच कुणाच्या तरी दिमतीला उभं कराल."

"मी त्याचं कौतुकच केलं, कोच."

"तेही सांगितलं तिने. शब्दन् शब्द." हचिन्सनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुद्दाम केलंस?"

"नाही."

केल्बीने तो नाश्ता मनात पुन्हा उभा करून पाहिला. बोलताना आपल्याला हलकं वाटलं होतं, एवढं त्याला नक्की आठवत होतं. कशामुळे, ते सापडत नव्हतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

हचिन्सनी त्याच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे, न सुटलेल्या गणिताकडे पाहावं तसं.

"वसंतातल्या सरावाला पहिल्या फळीत तू उभा राहा. माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

बाहेर बर्फ बाजूला सारणारी गाडी खरडत चालली होती. पार्किंगमध्ये येऊन केल्बीने नेब्रास्काला घरी फोन लावला.

"बाबा, जागा मिळाली."

पलीकडे वडिलांनी आनंदाने आईला हाक मारली. मग म्हणाले, "कशी मिळाली रे? सांग की सगळं."

"एका बाईंनी प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं."

"कोण बाई?"

केल्बी गाड्यांच्या दोन रांगा ओलांडून पुढे गेला, थांबला, परत फिरला. सगळ्या गाड्यांवर बर्फ सारखंच साचलं होतं.

"केल्बी? अरे, कसलं उत्तर?"

"खरं होतं ते," तो म्हणाला. "बाबा, ते खरं होतं."